इंग्रजांनी पुरलेली विमानं खरंच असतात का, आणि निघाली तर उडतात का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गावाबाहेर महायुद्धाच्या काळातली धावपट्टी आहे, आता तिथे बाभळी आणि शेळ्या. म्हातारी माणसं शपथेवर सांगतात की जाताना इंग्रजांनी विमानं पेट्यांत भरून तिथेच पुरली. पोरांनी वर्गणी काढून जेसीबीवाल्याला अ‍ॅडव्हान्स दिलाय. तर हे खरं असेल का, आणि निघालंच तर ते दुरुस्त करून परत उडवता येईल का?

आधी माझ्याबद्दल दोन ओळी, म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. मी एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याचं आणि पत्र्याचं काम करणारा. वीस वर्षं इथल्या हँगरमध्ये काढली, नंतर अकरा वर्षं इंग्लंडमध्ये एका छोट्या वर्कशॉपमध्ये, जिथे जुनी लढाऊ विमानं नव्याने उभी करतात. माझ्याकडे जास्त करून स्पिटफायर आणि हरिकेनचे पंख आणि पत्रा. रिवेट गनमुळे उजव्या हाताची दोन बोटं अजून थंडीत पांढरी पडतात.

उत्तर: अ‍ॅडव्हान्स परत मिळत असेल तर घ्या.

आता का ते सांगतो. ही गोष्ट तुमच्या एकट्या गावाची नाहीये. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये ओकी नावाचं गाव आहे, तिथे स्पिटफायर पुरल्याची कथा कित्येक दशकं चालू आहे. तुर्कस्तानात कायसेरीला जर्मन फॉकेवुल्फ १९० तेलकट कापडात गुंडाळून पुरली म्हणतात. आणि सगळ्यात गाजलेली ब्रह्मदेशाची. रंगूनच्या मिंगलाडोन विमानतळावर ऑगस्ट १९४५ मध्ये अगदी कोऱ्या, इंग्लंडहून पेटीबंद आलेल्या मार्क १४ (मार्क म्हणजे मॉडेलची आवृत्ती) स्पिटफायर पेट्यांसकट जमिनीत घातल्या अशी ती कथा. आकडा कोणी २० सांगायचं, कोणी ३६, कोणी थेट १४०. लिंकनशायरचे एक शेतकरी, डेव्हिड कंडल, पंधरा-सोळा वर्षं स्वतःच्या खिशातून पैसे घालून याच्या मागे होते. २०१२ च्या एप्रिलमध्ये ब्रिटनचे पंतप्रधान कॅमेरॉन म्यानमारला गेले तेव्हा हा विषय राष्ट्राध्यक्षांपर्यंत पोचला, मग करार झाला, एका व्हिडिओ गेम कंपनीने पैसा दिला आणि जानेवारी २०१३ मध्ये पुरातत्त्ववाले, भूभौतिकवाले, कॅमेरेवाले असा सगळा लवाजमा रंगूनला उतरला. उत्तरेला मिचिना इथे पाण्याने भरलेली पेटी सापडल्याची बातमी मध्येच आली, इकडे आमच्या वर्कशॉपात त्या दिवशी कोणाचं कामात लक्ष नव्हतं. फेब्रुवारीत पैसे देणाऱ्या कंपनीनेच सांगून टाकलं की इथे पुरलेल्या स्पिटफायर नाहीत.

खरी गंमत खोदकामात नाहीये, कागदात आहे. रंगून बंदरात माल उतरवण्या-चढवण्याचं काम बघणाऱ्या आरएएफच्या, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या, युनिटच्या नोंदी सापडल्या. त्यांच्यानुसार १९४५-४६ मध्ये तिथे जहाजाने मिळून फक्त ३७ विमानं आली, त्यात पेटीबंद स्पिटफायर कुठे दिसत नाहीत, आणि बहुतेक विमानं १९४६ च्या हिवाळ्याआधी परत बाहेर गेलेली दिसतात. संपलं. हे कागद लंडनमध्ये बसून वाचता आले असते, पण कागद वाचायला टीव्हीवाले येत नाहीत ना.

कागद बाजूला ठेवा, नुसता व्यवहार बघा. ऑगस्ट महिना, रंगून. त्या एका महिन्यात तिथे ५०० मिमीच्या वर पाऊस पडतो. स्पिटफायरची पेटी म्हणजे तीसेक फूट लांब आणि माणसापेक्षा उंच, अशा ३६ पेट्या जातील एवढा खड्डा भर पावसाळ्यात चिकणमातीत खणायचा, तो कोसळू द्यायचा नाही, पाणी उपसत राहायचं, वर सागाचे वासे टाकायचे (हो, कथेत साग पण आहे), आणि हे सगळं कुठल्याही कागदावर न येता. ज्यांनी साधी विहीर खणलीये त्यांना विचारा, ते हसतील. आणि सैन्याला विमान नकोसं झालं की ते इतका त्रास घेत नाहीत हो. कुऱ्हाडी घालायच्या, बुलडोझर फिरवायचा, पेटवून द्यायचं नाहीतर भंगारवाल्याला द्यायचं. अमेरिकेने लेंड-लीजमध्ये, म्हणजे युद्धात मित्रदेशांना उसनं सामान द्यायच्या योजनेत, दिलेल्या विमानांचं तर असं होतं की युद्ध संपल्यावर एकतर परत करा, नाहीतर पैसे मोजा, नाहीतर नष्ट करा. म्हणून ब्रिटिश नौदलाने चांगली चालू कॉर्सेअर विमानं ऑस्ट्रेलियाजवळ बोटीवरून समुद्रात ढकलून दिली. पुरून ठेवायचं तर कोणासाठी?

मग म्हातारी माणसं खोटं बोलतात का? अजिबात नाही, आणि या बाबतीत मला त्यांची चेष्टा केलेली आवडत नाही. त्यांनी पेट्या बघितल्या, त्या होत्याच, विमानं पेट्यांतूनच यायची. खड्डे बघितले, ते पण होते, प्रत्येक तळावर तुटका पत्रा, फुटके पिंप, कचरा बुलडोझरने खड्ड्यात लोटायचेच. विमान जाताना मात्र कोणी बघितलं नाही, ते एक दिवस नव्हतं एवढंच. इतक्या वर्षांत पेटी, खड्डा आणि नाहीसं झालेलं विमान या तीन गोष्टी चिकटून एक गोष्ट होते. तुमच्या धावपट्टीवर खोदलंत तर काहीतरी निघेलही, पण ते गंजलेले डबे, केबल आणि बाटल्या असतील.

आपल्याकडची खरी गोष्ट या सगळ्या कथांपेक्षा भारी आहे, आणि ती आपल्यालाच माहीत नसते. युद्ध संपलं तेव्हा कानपूरला चकेरीच्या तळावर लिबरेटर बॉम्बर विमानांचं स्मशान होतं. बी-२४ लिबरेटर, चार इंजिनं, ११० फूट पंख. परत वापरता येऊ नयेत म्हणून जाताना त्यांची मुद्दाम मोडतोड केली होती, कुठे बुलडोझर घातलेला, कुठे इंजिनात वाळू टाकलेली. १९४८ ला आपल्या हवाई दलाला बॉम्बर हवे होते आणि पैसे नव्हते. परदेशी तज्ज्ञ म्हणाले हे होणार नाही. हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या लोकांनी त्या ढिगाऱ्यातून कमी मोडलेली निवडली, एकाचा पंख दुसऱ्याला, दुसऱ्याचं शेपूट तिसऱ्याला असं करत तिथेच उघड्यावर जेमतेम उडण्यापुरती जुळवली आणि कंपनीचे पायलट जमशेद मुन्शी यांनी ती एकेक करून कानपूरहून बंगलोरला उडवत नेली. लिबरेटरचा अनुभव नव्हता, हाताशी मॅन्युअल. बंगलोरला मग नीट ओव्हरहॉल. नोव्हेंबर १९४८ मध्ये ५ नंबरची स्क्वाड्रन त्यांच्यावर उभी राहिली आणि आपण लिबरेटर १९६८ पर्यंत उडवली, जेव्हा बाकी जगाने ती कधीच वितळवून भांडी केली होती. आज ब्रिटनच्या आरएएफ म्युझियमकडे जी लिबरेटर आहे ती आपण दिलेली, अमेरिकेत, कॅनडात पण आपलीच गेलीत. ज्यांनी मोडून टाकली त्यांनीच परत मागून नेली. भंगारातून विमान उभं करायच्या धंद्यात आपण असे जुने आहोत, फक्त बोर्ड लावला नाही.

आणि दुसरी, बनारसची. १९८२ मध्ये पीटर व्हॅशर नावाचे एक इंग्रज गृहस्थ भारतात जुन्या रोल्स-रॉइस गाड्या शोधत फिरत होते. बनारस हिंदू विद्यापीठात त्यांना उघड्यावर एक हरिकेन उभं दिसलं, आजूबाजूला झाडझाडोरा. १९४७ मध्ये इंजिनिअरिंगच्या पोरांना शिकायला म्हणून दिलेलं. पुढे नंबर जुळवल्यावर कळलं की ते आर ४११८, म्हणजे १९४० च्या ब्रिटनच्या लढाईत ६०५ स्क्वाड्रनमधून ४९ वेळा झेपावलेलं विमान. व्हॅशर यांनी वीसेक वर्षं पत्रव्यवहार, चकरा, परवानग्या केल्या, मग ते कंटेनरमधून इंग्लंडला गेलं, सफोकमध्ये उभं राहिलं आणि २३ डिसेंबर २००४ ला उडालं. म्हणजे बघा, ब्रह्मदेशात जे जमिनीखाली शोधत होते त्याहून मौल्यवान वस्तू इथे पन्नास वर्षं डोळ्यांसमोर उभी होती, आणि पोरं तिच्यावर बसून डबे खात असतील. स्पिटफायरचंही तेच. आज उडणाऱ्या मार्क १४ पैकी बऱ्याच सत्तरच्या दशकात भारतातूनच गेलेल्या, कोणी तळाच्या कोपऱ्यात, कोणी टेक्निकल कॉलेजात. इंग्लंडमध्ये डक्सफर्डला जी एमव्ही २९३ नंबरची स्पिटफायर उडते ती बंगलोरला जालहळ्ळीला शिकवायच्या कामाला होती. हॉकर टेम्पेस्ट तर आपण धावपट्टीच्या कडेला शत्रूला फसवायला खोटं विमान म्हणून उभी केली होती, ती पण गेली. मी कायम म्हणतो, विमान शोधायचं तर फावडं घेऊन नाही, चष्मा घालून शोधा.

जमिनीखाली विमान कधीच मिळत नाही असंही नाही. वेगाने कोसळलेलं विमान मऊ जमिनीत कित्येक फूट घुसतं, इंजिन सगळ्यात खोल. पण ते विमान नसतं, चुरा असतो, आणि बऱ्याचदा त्यात माणूस असतो. अरुणाचलच्या डोंगरात ‘हंप’च्या मार्गावर (युद्धात आसामहून हिमालयावरून चीनला जायचा हवाई मार्ग) पडलेल्यांचे सांगाडे अजून मिळतात. तिथे हात लावायचा नाही, पोलिसांना कळवायचं, बस. वाळूने मात्र कधी कधी दिलंय. कॅलेच्या किनाऱ्यावर २४ मे १९४० ला उतरलेली पी ९३७४ ही स्पिटफायर १९८० मध्ये वाळूतून वर आली, सप्टेंबर २०११ ला उडाली. आणि बर्फ. १५ जुलै १९४२ ला ग्रीनलंडवर सहा पी-३८ लढाऊ आणि दोन बी-१७ बॉम्बर विमानं बर्फावर उतरली, माणसं सगळी वाचली, विमानं राहिली. पन्नास वर्षांनी ती काढायला गेले तेव्हा वर २६८ फूट बर्फ होता. गरम पाणी फिरवत बर्फ वितळवत विहिरीसारखा खड्डा पाडला, खाली माणसं उतरली, एक पी-३८ सुटी करून तुकड्या-तुकड्याने १९९२ मध्ये वर काढली आणि ऑक्टोबर २००२ ला ती उडाली. ज्या बी-१७ पर्यंत आधी पोचले होते ती बर्फाच्या वजनाने चेपलेली होती. आपल्या मुरमात असा बर्फ नाही, पावसाळा आहे.

‘मशीन लावून बघू’ म्हणणाऱ्यांसाठी. मॅग्नेटोमीटर लोखंड शोधतो. विमानाचा बहुतेक देह अ‍ॅल्युमिनियमचा, तो त्याला दिसतच नाही, दिसला तर क्रँकशाफ्ट, चाकाचे पाय, तोफा. त्यात आपला दख्खनचा काळा दगड स्वतःच चुंबकीय. इथे मॅग्नेटोमीटर फिरवलात तर दर दहा पावलांवर स्पिटफायर दिसेल. ग्राउंड रडार म्हणाल तर काळ्या ओल्या मातीत त्याची लहर फार आत जात नाही. मशीनवाला रंगीत नकाशा देईल, त्यात लाल डाग असतील, आणि लाल डागाला पेटीचा आकार आपल्या डोळ्याने येतो.

आता समजा, निघालंच. पेटी, आत विमान. काय होईल ते सांगतो कारण हे मी हातात धरून बघितलंय. ड्युरालुमिन, म्हणजे विमानाचा अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू, लोखंडासारखं गंजत नाही, ते आतून फुगतं. वरून हिरवा प्रायमर शाबूत दिसतो, तुम्ही अंगठ्याने दाबता आणि अंगठा आत जातो, पत्र्याचे पापुद्रे सुटतात, पाटवडीसारखे नाही, खारीसारखे, आणि आतून तुरटीच्या पुडीसारखी पांढरी भुकटी. मॅग्नेशियमचे कास्टिंग, म्हणजे चाकांचे हब वगैरे, ओलाव्यात आधी जातात, जागेवर राखाडी चिखल उरतो. मूळ रिवेट पण मॅग्नेशियम मिसळलेले, वय झालं की ठिसूळ होतात, नखाने डोकं उडतं. त्यामुळे छान टिकलेलं विमान असलं तरी प्रत्येक रिवेट काढायचा म्हणजे काढायचाच.

स्पिटफायरच्या पंखाचा मुख्य स्पार, म्हणजे पंखाचा कणा, ही बघण्यासारखी चीज आहे. चौकोनी नळ्या एकात एक घातलेल्या, मुळाशी पाच, आणि टोकाकडे जाताना आतली एकेक संपत जाते. ट्रकचे कमानपाटे आठवा, मध्ये जास्त पाटे, कडेला कमी, तोच हिशोब. भार जिथे जास्त तिथे धातू जास्त, बाकी ठिकाणी एक ग्रॅमही फुकट नाही. आणि याच रचनेमुळे नळ्यांच्या मधल्या फटीत ओल बसली तर बाहेरून काही कळत नाही. म्हणून जुना स्पार कितीही चांगला दिसला तरी उडवायच्या विमानात मी तो घातलेला बघितला नाही, नवा करतात. हरिकेन त्या मानाने आपल्यासारख्यांना समजणारं यंत्र, गोल नळ्या, जोडाच्या जागी चौकोनी दाबलेल्या, पट्ट्या आणि बोल्ट, वर लाकूड आणि कापड. वेल्डिंग न करता उघडता येतं. पण मापं इतकी बारीक की ‘सायकलसारखं आहे’ म्हणून सुरुवात केलेले लोक वर्षभराने टेकीला येतात.

रिवेटचं एक सांगतो, स्वतःची चूक. काही रिवेट वापरण्याआधी सॉल्ट बाथमध्ये (वितळलेल्या क्षारांच्या टाकीत) ४९५ डिग्रीच्या आसपास तापवून पाण्यात बुडवतात, त्यानंतर ते थोडा वेळ मऊ राहतात आणि मग आपोआप कडक होतात. दोन तासांत मारायचे, नाहीतर फ्रीजरमध्ये ठेवायचे, थंडीत कडक व्हायचं थांबतं. माझं तिथलं दुसरं वर्ष. फ्रीजरमधून डबा काढला, बाकावर ठेवला आणि घरून फोन आला, आईचं ऑपरेशन होतं. परत आलो तेव्हा अडीच तास झाले होते, मी घड्याळ बघितलं पण आणि मनात म्हटलं चालतंय. चाळीस रिवेट मारले. गनचा आवाज वेगळा येत होता, कोरडा, तो पण ऐकला. सकाळी इन्स्पेक्टरने भिंग हातात दिलं, काही बोलला नाही. रिवेटच्या ठोकलेल्या बाजूला केसाएवढे तडे, एकाआड एक. चाळीसच्या चाळीस ड्रिल करून काढले, काढताना दोन भोकं मोठी झाली आणि ती अख्खी स्किन (वरचा पत्रा) बाद, तीन आठवड्यांचं काम. चालतंय हा शब्द मी त्या वर्कशॉपात परत वापरला नाही.

मग लोक विचारतात की एवढं सगळं नवं घातलं तर जुनं विमान कुठे राहिलं? पुण्यातल्या वाड्याचं उदाहरण घ्या. वाडा पाडला, सात मजले झाले, आतली एक वीट जुनी नाही, पण सातबारा तोच, नाव तेच आणि लोक पत्ता सांगताना वाडाच म्हणतात. विमानाचा सातबारा म्हणजे त्याची डेटा प्लेट (नंबर ठोकलेली पट्टी) आणि सलग नोंदी, ते नंबर कुठून कुठे गेलं याचा पुरावा. ढिगाऱ्याला किंमत येते ती याच्यामुळे, धातूमुळे नाही. यात चावटपणा पण चालतो, एका प्लेटवर अख्खं नवं विमान बांधून ‘ओरिजिनल’ म्हणणारे आहेत. माझं मत विचाराल तर किती टक्के जुनं ते सरळ सांगावं, नवं असण्यात लाज नाही. तरी एक कबूल करतो, एका पॅनेलच्या आतल्या बाजूला पेन्सिलने केलेली बेरीज निघाली होती, १९४१ च्या कुठल्यातरी कामगाराने ओव्हरटाइमचे तास मांडलेले, चुकलेली. तो पॅनेल बाद होता. आम्ही तो बेरजेपुरता कापून नव्या स्किनच्या आत बसवला, भार न घेणाऱ्या जागी. त्याला टक्केवारीत काय म्हणायचं मला माहीत नाही.

पैशाचं एका ओळीत: ती कॅलेची पी ९३७४ जुलै २०१५ मध्ये लिलावात ३१ लाख पौंडांना गेली, आणि अशी विमानं उभी करायला साधारण त्याच घरातला खर्च आणि काही वर्षं जातात. वर्गणीचं काम नाही हे.

कायद्याचं पण ऐका. जमिनीत दडलेली दहा रुपयांच्या वरची मौल्यवान वस्तू सापडली तर कलेक्टरला कळवावं लागतं, १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून आहे. आणि जुन्या धावपट्ट्या बऱ्याचदा संरक्षण खात्याच्या नावावर असतात, जेसीबी लावायच्या आधी तलाठ्याकडे जाऊन या. जुना दारूगोळा लागला तर जी आफत होईल ती वेगळीच.

पोरांना काम हवंच असेल तर हे द्या. जुन्या शाळांच्या, आयटीआयच्या, इंजिनिअरिंग कॉलेजच्या मागच्या शेडमध्ये बघा. भंगारवाल्याच्या गोदामात बघा. कुंपणं बघा, दहा फूट लांब, सव्वा फूट रुंद, ओळीने गोल भोकं असलेली लोखंडी फळी दिसली तर ती युद्धकाळात धावपट्टीवर अंथरायचे त्यातली, आसामकडे अर्ध्या गावांची कुंपणं त्याची आहेत. अ‍ॅल्युमिनियमचा विचित्र तुकडा मिळाला तर घासू नका, पितांबरी तर नकोच, नुसतं ओल्या फडक्याने पुसा आणि ठोकलेला नंबर शोधा. स्पिटफायरच्या तुकड्यावर नंबर ३०० ने सुरू झाला तर ते डिझाइन अगदी पहिल्या मार्कचं, ३४९ म्हणजे मार्क ५, ३६१ म्हणजे मार्क ९, ३७९ म्हणजे मार्क १४. जुना नंबर नव्या मार्कमध्येही चालू राहतो, त्यामुळे एका तुकड्यावरून नाचू नका, चार-पाच जमवा. ३२ ने सुरू होणारा नंबर आणि ब्रिटिशऐवजी अमेरिकन स्पेलिंग असेल तर लिबरेटरचा असू शकतो.

फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवा आणि उजेड बाजूने पडू द्या, समोरून फ्लॅश मारलात तर ठोकलेला नंबर दिसत नाही. असे फोटो असतील तर पाठवा, मी बघून सांगतो.